सुप्याच्या बाजारात जळालेले कागद

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होते. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने ज्या सुपे परगण्याचे नाव येते तेच हे गाव. आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. मे महिना, शेतात काम नाही, पाऊस अजून लांब. बाजाराला आलेली कुणब्यांची गर्दी गुजराती आणि मारवाडी दुकानदारांच्या दारांत जाऊन उभी राहिली आणि तिने कागद मागितले. कर्जखते, गहाणखते, कोर्टातून मिळवलेले हुकूमनामे, हिशेबाच्या वह्या, जे काही असेल ते. ज्यांनी दिले नाही त्यांच्या घरांत लोक घुसले, कागद बाहेर ओढून आणले आणि पेटवले. धान्य आणि कापडही लुटले गेले. दुसऱ्याच दिवशी त्याच तालुक्यातल्या आणखी एका गावात मारवाडी सावकाराच्या कडब्याच्या गंज्या आणि घर पेटले. तिथून लोण इंदापूर, शिरूरकडे गेले आणि भीमा ओलांडून नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या बाजूला पसरले. तीसहून अधिक गावांत हे घडले. सप्टेंबरात, सगळे शांत झाल्यासारखे वाटत असताना, पार दक्षिणेला साताऱ्याच्या कुकरूड गावी पुन्हा एकदा सावकाराची कागदपत्रे जळाली.

सरकारी दप्तरात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण त्या दंग्यांत मारहाण फार कमी झाली आणि जिथे सावकाराने मुकाट्याने कागद हवाली केले तिथे बहुतेक ठिकाणी त्याला हातही लावला गेला नाही. लोकांना माणूस नको होता, कागद हवा होता. हा राग इतका नेमका कसा झाला, हे समजून घ्यायचे तर सुप्याच्या वेशीबाहेर बरेच लांब जावे लागते. एक वाट मुंबईच्या शेअरबाजारात जाते, एक अमेरिकेतल्या यादवी युद्धात आणि एक मुन्सफ कोर्टाच्या पायरीशी.

आधी जवळची वाट. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखावर दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडायला घेतले. देशमुख गावातला वजनदार माणूस. कुणा फाटक्या कुणब्याचे घर गेले असते तर गावाने उसासा टाकून सोडून दिले असते. देशमुखाच्या वाड्याला हात लागला तेव्हा मात्र गाव एक झाले. सावकाराच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याचे शेत कसायचे नाही, त्याच्याकडे चाकरी करायची नाही असे ठरले. न्हावी, परीट, चांभार, पाणी भरणारे सगळ्यांनी काम बंद केले. गावात बलुतेदार ही काय ताकद असते ते त्या सावकाराला तेव्हा कळले असेल. ही रीत बघता बघता आजूबाजूच्या गावांनी उचलली. इंदापूरच्या बाजूला तर गावकऱ्यांनी लेखी करार केले: जो गुजर (गुजराती) सावकारांचे शेत कसेल त्याच्याशी पंगत नाही आणि सोयरीकही नाही. तेव्हा मेमधला जाळपोळीचा भडका हा पाचसहा महिने चाललेल्या बहिष्काराचा पुढचा टप्पा होता. तो अचानक झाला असे अधिकाऱ्यांना वाटले, कारण बहिष्कारात त्यांना वरवरची कुरबुर दिसली होती.

सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवाईतही कुणबी कर्ज काढत होता, लग्नाला काढत होता, बैल मेला तर काढत होता. पण त्या कर्जाला गावचे कुंपण होते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचे नाही, हा दामदुपटीचा दंडक होता. वसुलीला सावकाराला पाटलाचे आणि पंचांचे तोंड बघावे लागे. जमीन घेऊन तो करणार काय? कसणारा माणूस गेला तर ती पडीक. म्हणून कुणबी जगलेला सावकाराला परवडत असे. मी त्या काळाचे गोडवे गात नाही; दुष्काळात हे कुंपणही मोडत होते आणि मामलतीचा मक्ता घेणारे अंमलदार सावकारापेक्षा कमी निष्ठुर नव्हते. पण दोघांच्या अंगात थोडेफार सारखे बळ होते एवढे खरे.

१८१८ मध्ये पेशवाई गेल्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली सारा. मुंबई इलाख्यात सरकारने रयतवारी आणली, म्हणजे मधला जमीनदार नाही, प्रत्येक खातेदाराशी सरकारचा थेट व्यवहार. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त डोक्यात धरून पुणे जिल्ह्यात मोजणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के हा सरकारचा वाटा ठरवला. लंडनच्या अर्थशास्त्राची परीक्षा इंदापूरच्या माळरानावर घेतली गेली आणि इंदापूरने उत्तर दिले: शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ पासून विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी केली. दर उतरवले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. पडीक जमीन पुन्हा लागवडीला आली, माणसे परतली. हे काम चांगले झाले होते, यात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लगेच ध्यानात आला नाही. सारा कमी आणि तीस वर्षे निश्चित, त्यामुळे जमिनीला विकण्याजोगी किंमत आली. आणि ज्याला किंमत आहे ते गहाण पडू शकते.

दुसरी गोष्ट कोर्ट. दिवाणी न्यायालयाला गावची कुळकथा ठाऊक नव्हती. त्याच्यापुढे खत ठेवले की त्यावरचा आकडा आणि अंगठा बघायचा. मूळ घेतले किती, फेडले किती, दामदुप्पट उलटली का, हे विचारायचे कारण नाही. कुणब्याला लिहिता येत नव्हते, कोर्ट तालुक्याच्या गावी, वकिलाची फी कुठून द्यायची? बहुतेक खटल्यांत तो हजरच राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. त्यावर घरदार जप्त करता येई आणि ऋणकोला तुरुंगातही टाकता येई. खुद्द विंगेटने १८५२ मध्येच लिहून ठेवले होते की सावकार-कुणब्यातले जुने नाते या कायद्यांनी बिघडवले आहे. त्यानंतर १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. हेतू भला होता: कर्जखत तीनच वर्षे चालेल, म्हणजे व्याज साचून डोंगर होणार नाही. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवे खत लिहून घेऊ लागला, त्यात जुने मुद्दल आणि चढलेले व्याज मिळून नवे मुद्दल. नाही म्हटले तर फिर्याद. दंग्यांनंतर बसलेल्या चौकशी आयोगापुढे जी प्रकरणे आली त्यांतल्या एकात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेले सापडले. यात बेकायदा काही नव्हते, आणि हेच लोकांना कळेनासे झाले होते.

आता लांबची वाट. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत होता. तो वीस लाख गाठींवरून एका वर्षात ५५ हजार गाठींवर आला. ब्रिटिश व्यापाऱ्यांचे डोळे हिंदुस्थानकडे वळले. मुंबईच्या कापूस दलालांनी सावकारांना पैसा दिला आणि सावकारांनी तो खेड्यांत ओतला. एकरामागे शंभर रुपये उचल दिल्याचे दाखले आहेत. मुंबईत काय चालले होते ते आपण अनेकदा वाचले आहे: प्रेमचंद रायचंद, बँका, फायनान्स कंपन्या, बॅकबेची भरणी आणि तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेने शस्त्र टाकल्याची बातमी आली आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईचे शेठ रांगेने बुडाले. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गेली. राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला, प्रेमचंदांनी आधीच देणगी दिली होती म्हणून.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण शालेय पुस्तकांमुळे भलताच समज होतो. भीमथडी हा कापसाचा मुलूख नाही. कापूस खानदेशात, वऱ्हाडात, धारवाडकडे पिकत होता; सुप्याच्या शिवारात बाजरी आणि ज्वारी, आणि पाऊस दोन वर्षांत एकदा दगा देणारा. मग तेजी इथवर कशी पोचली? एक तर धान्याच्या भावातून. कापसाखाली जमीन गेली आणि मुंबईत पैसा खेळू लागला तशी बाजरी महाग झाली. दुसरे म्हणजे रेल्वे. जीआयपी रेल्वेची लोहमार्गाची कामे तेजीच्या तोंडावर भीमथडीतून सोलापूरकडे गेली आणि बोरघाटात तर ऐन भरात ४० हजारांहून जास्त मजूर एकाच वेळी राबत होते. गावाबाहेर जाऊन रोख मजुरी मिळवता येते, हे कुणब्याने पहिल्यांदा अनुभवले. बैलगाडीवाल्यांची चंगळ झाली. हातात पैसा, शिवाय सावकार मागेल तेवढे द्यायला तयार. या चार-पाच वर्षांत दख्खनच्या कुणब्याने नवे बैल घेतले, विहिरी खणल्या आणि मुलींची लग्ने थाटात लावली. त्यात त्याचे चुकले असे म्हणणारे तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांत होते, आजही पतपेढीच्या कट्ट्यावर भेटतात. मुंबईचे शेठ पन्नास हजारांचा कागद घेत होते तेव्हा त्यांना उधळे कुणी म्हटले नव्हते.

मग उतार लागला. रेल्वेची कामे संपली, गाडी धावू लागली तशी बैलगाडीची वाहतूक आटली. भाव घसरले. मुंबईने पैसा आखडला तसा सावकारानेही आखडला आणि जुनी खाती उपसायला काढली. नेमक्या याच वेळी, १८६७ मध्ये, विंगेटच्या तीस वर्षांची मुदत भरली. फेरमोजणीला निघालेल्या अधिकाऱ्यांनी तेजीचे भाव बघितले, रेल्वे बघितली, आणि मुलूख सुखी आहे असा निष्कर्ष काढला. इंदापूरपासून सुरुवात करून पुढच्या काही वर्षांत तालुक्यामागून तालुक्याचा सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. एखाद्या खात्यावर त्याहूनही जास्त. वाढ एवढी बोचरी होती की १८७४ मध्ये सरकारनेच मर्यादा घातली: तालुक्याच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ आणि एका खात्यावर १०० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे नाही. ‘जास्तीत जास्त दुप्पट’ ही सवलत ठरावी, यावरून आधी काय चालले असेल त्याची कल्पना येते. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध माहिती गोळा केली, अर्ज केले. ते अर्ज वाचले गेले एवढेच.

१८७५ च्या सुरुवातीला मुंबई सरकारला थोडी जाग आली. काही सूट दिली आणि असा हुकूम काढला की साऱ्याच्या थकबाकीत आधी जंगम मालमत्ता विकावी, जमीन सहसा काढू नये. यातून जे झाले ते त्या व्यवस्थेचे खरे रूप दाखवते. आजवर सावकार कुळाच्या वतीने सारा भरत होता, कारण सारा थकून जमीन सरकारजमा झाली तर त्याचेच तारण बुडायचे. आता जमीन जात नाही म्हटल्यावर त्याने सारा भरायचे थांबवले. कुणबी दोन्हीकडून सापडला: सरकारचा शिपाई भांडी-बैल न्यायला दारात आणि सावकार हात वर करून बसलेला. सरकारने दिलेली सवलतच अशी त्याच्या मुळावर आली. दंगे याच हंगामानंतरचे आहेत.

दंगेखोर सरकारविरुद्ध होते का? बहुधा नाही. नगर जिल्ह्यात एक अफवा फिरत होती. कुणा साहेबाची मालमत्ता मारवाड्याने हुकूमनाम्यावर विकली, साहेबाने विलायतेला राणीकडे दाद मागितली आणि सावकारांची खते काढून घ्या असा राणीचा हुकूम सुटला! म्हणजे पेटवणारे स्वतःला राणीचे हुकूमबरदार समजत होते. जिल्हा अधिकाऱ्यांना हे वाचून हसू आले असेल का भीती वाटली असेल, कोण जाणे. १८५७ ला अठराच वर्षे झाली होती.

आणखी एक गोष्ट आयोगाने नोंदवली आहे आणि ती आपल्याला अवघड जागी नेते. ज्या गावांत मारवाडी-गुजरांबरोबर ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होते, तिथे सहसा फक्त मारवाडी-गुजरांवरच हल्ले झाले. ब्राह्मण सावकाराचे व्याज कमी होते म्हणून नव्हे. तो कुळकर्ण्याच्या नात्यातला, गावच्या देवळात आणि लग्नकार्यात दिसणारा होता. मारवाडी दोन पिढ्यांपूर्वी आलेला, त्याच्यावर गावची लाज बांधलेली नाही असे मानले जाई. तेव्हा हा उठाव कर्जदाराचा धनकोविरुद्ध होता हे खरे, पण परक्याविरुद्धही होता, आणि दुसरी गोष्ट झाकून पहिलीच सांगणे म्हणजे इतिहासाला न्हाऊ-माखू घालणे आहे. जोतीराव फुल्यांनी आठ वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेऱ्यांतल्या ब्राह्मण कामगारांवर आणि सरकारच्या साऱ्यावर एकदमच बोट ठेवले, ते या बाजूने पाहिले की जास्त समजते.

पोलिसांनी आणि पुण्याहून आलेल्या फौजेने दंगे मोडले. ९५१ लोक पकडले, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. गावांवर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च गावांकडूनच वसूल केला. ती रक्कम गावकऱ्यांनी कुणाकडून कर्जाऊ आणली असेल याचा तर्क करायला आयोगाची गरज नाही.

आयोग मात्र बसला. वरून विचारणा होती की साऱ्यामुळे हे झाले का ते पाहा. त्याचा अहवाल १८७८ मध्ये पार्लमेंटपुढे ठेवला गेला. खंडच्या खंड आहेत. त्यांत कुणब्यांच्या जबान्या, सावकारांच्या वह्यांचे उतारे, गावोगावचे हिशेब आहेत. आयोगाला आढळले की तपासलेल्या गावांत सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत, त्यांचे कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट आहे आणि त्यातले जवळजवळ दोन-तृतीयांश जमिनीच्या गहाणावर आहे. निष्कर्ष असा निघाला की दोष सावकाराचा आणि कायद्याच्या आंधळ्या अंमलाचा, साऱ्याचा नाही. आयोगातले एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी वेगळे टिपण जोडून साऱ्याकडे बोट दाखवले, पण ते टिपणच राहिले. दोन आरोपींपैकी एक स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत असला की असेच होते.

पुढच्या काळात इतिहासकारांनीही यावर भांडून घेतले. रविंदर कुमार यांनी यात गावच्या जुन्या समाजरचनेचे विघटन पाहिले. नील चार्ल्सवर्थ यांनी म्हटले की दंगे मानले जातात तेवढे मोठे कधीच नव्हते, ती एक दंतकथा झाली आहे. तीसेक गावे, दोन महिने, जीवितहानी जवळपास नाही; आकड्यांनी पाहिले तर चार्ल्सवर्थ यांचे म्हणणे पटते. पण एवढ्याशा दंग्यावर सरकारला हिंदुस्थानातला अगदी वेगळा कायदा करावासा वाटला, हे त्या आकड्यांतून उलगडत नाही.

तो कायदा लगेच झाला नाही. मध्ये १८७६-७८ चा दुष्काळ आला आणि त्याच मुलखाची हाडे उघडी पडली. फेब्रुवारी १८७९ मध्ये क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांनी आपला पहिला दरोडा शिरूर तालुक्यातल्या धामारीला, मारवाडी सावकाराच्या घरावर घातला. कर्डेही याच तालुक्यातले. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा सतरावा कायदा मंजूर झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. कोर्टाने खतावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहारापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासावा. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. स्पष्ट गहाण टाकलेली नसेल तर जमीन विकायची नाही. गावातच खत नोंदवायची सोय करायची आणि फिर्यादीआधी तडजोड करणारे नेमायचे. करार म्हणजे करार, असे मानणाऱ्या राजवटीने आपल्याच तत्त्वाला एवढी मोठी मुरड घातली होती. या कायद्याखालच्या न्यायखात्यात पुढे महादेव गोविंद रानडे यांनी डॉ. पोलन यांच्या हाताखाली काही वर्षे काम केले, चार जिल्ह्यांत फिरून दप्तरे तपासली. सार्वजनिक सभेतून कुणब्याच्या हलाखीवर लिहिणारा माणूस आता त्याची खातीच उलगडून पाहत होता.

सावकारांनीही कायदा वाचला. गहाणखत कोर्ट उघडून बघते म्हटल्यावर त्यांनी गहाणखत लिहून घेणे कमी केले आणि खरेदीखत मागू लागले. कागदावर जमीन विकलेली, तोंडी बोली अशी की पैसे फेडले की परत. बोली पाळली नाही तर कुणबी कोर्टात काय दाखवणार? सरकारला पुन्हा दुरुस्ती करावी लागली, खरेदीखतामागे खरे गहाण होते का हे तोंडी पुराव्याने पाहायची मुभा द्यावी लागली. ज्याच्याकडे तारण ठेवायला धड जमीन नव्हती त्या लहान कुणब्याला तर उधार मिळणेच अवघड झाले, आणि गावातलाच थोडा बरा कुणबी हळूहळू शेजाऱ्याला कर्ज देऊ लागला. १९०० मध्ये पंजाबात बिगरशेतकऱ्यांच्या हाती जमीन जाऊ नये म्हणून कायदा झाला तेव्हा दख्खनचा अनुभव समोर होता, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदाही याच चिंतेतून निघाला. इकडे या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याला मिळणारे संरक्षण आपल्यालाही मिळावे म्हणून, दुकान चालवणारे पण नावावर चार एकर असलेले लोकही आपण शेतकरीच आहोत असे कोर्टात शपथेवर सांगू लागले होते.